मोटारीवर विसंबलेले उपनगर आणि त्याची रोजची कोंडी

मोटारीवर विसंबलेल्या उपनगरी शहरातील वाहतूक कोंडी समजून घ्यायची असेल, तर गर्दीच्या वेळी चौकात उभे राहण्याआधी त्या शहराचा नकाशा नीट पाहावा. नकाशात एका बाजूला फक्त घरे दिसतात, दुसऱ्या बाजूला फक्त कार्यालये, तिसरीकडे दुकानांचे मोठे संकुल आणि त्याच्याभोवती त्याहूनही मोठा वाहनतळ. शाळा या सगळ्यांपासून दूर, एखाद्या रुंद रस्त्याच्या कडेला असते. घरांच्या वसाहतींमधील रस्ते वळणावळणाचे असतात आणि त्यांतील बरेचसे पुढे कोठेही न जाता संपतात. वसाहतीतून बाहेर पडायला एखाददुसरीच वाट असते आणि ती जवळच्या मोठ्या रस्त्याला मिळते. सकाळ-संध्याकाळ त्या मोठ्या रस्त्यावर जे घडते, त्याचा बराचसा भाग या आखणीने आधीच ठरवून ठेवलेला असतो. चालकांची घाई, लेन मोडण्याची सवय, सिग्नलची चुकलेली वेळ ही कारणे खोटी नाहीत, परंतु त्यांचा क्रम नंतरचा आहे.

अशी शहरे आपोआप उगवलेली नाहीत. कायदे, कर्जव्यवस्था आणि रस्तेबांधणीचा निधी यांनी ती घडवली आणि त्यांचा सर्वांत ठळक नमुना अमेरिकेत पाहायला मिळतो. १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात, जमिनीच्या वापरानुसार विभाग पाडण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. कारखान्यांची धुराडी घरांना लागून नसावीत, हा त्यामागचा विचार रास्तच होता. पण हा अधिकार वापरता वापरता छोटी दुकाने, दवाखाने, लहान कार्यालये आणि बहुमजली इमारतीसुद्धा घरांच्या विभागातून बाहेर काढल्या गेल्या. १९२९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील रॅडबर्न या वसाहतीत मुलांना मोटारींपासून सुरक्षित ठेवण्यासाठी घरे बंद गल्ल्यांभोवती रचली गेली आणि चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाटा दिल्या गेल्या. नंतरच्या असंख्य वसाहतींनी बंद गल्ल्या तेवढ्या उचलल्या आणि पायवाटा वगळल्या. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जाच्या हमीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांतही अशाच आखणीला पसंती होती. १९४७ पासून लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउनसारख्या वसाहतींमध्ये एकाच साच्याची हजारो घरे उभी राहिली, आणि १९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटरच्या द्रुतगती महामार्गांच्या जाळ्याचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारवर सोपवला. यातील एकेक निर्णय वेगळा काढून पाहिला तर समजण्यासारखा वाटतो. सगळे एकत्र आल्यावर मात्र असे शहर तयार झाले, जेथे घराबाहेरचे कोणतेही काम मोटार सुरू केल्याशिवाय होत नाही. कमीअधिक फरकाने हीच आखणी पुढे जगभरच्या उपनगरांनी स्वीकारली.

रस्त्यांची रचना आणि चौकाची मर्यादा

उपनगरातील रस्त्यांची रचना झाडासारखी असते. वसाहतीतील गल्ल्या म्हणजे डहाळ्या, त्या एका फांदीला मिळतात, फांद्या खोडाला मिळतात, आणि एका डहाळीवरून शेजारच्या डहाळीवर जायचे असले तरी खाली खोडापर्यंत उतरून पुन्हा वर चढावे लागते. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण असू शकते, पण एका घरातून दुसऱ्या घरी मोटारीने जायला दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडतो. जुन्या शहरांत चौकटीसारखे एकमेकांना छेदणारे रस्ते असतात; तेथे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला अनेक वाटा असतात, आणि एक वाट भरली की वाहतूक आपोआप शेजारच्या वाटांवर पसरते. झाडासारख्या रचनेत पसरायला जागाच नसते. पाच मिनिटांच्या कामासाठी निघालेला माणूस, मुलाला शाळेत सोडणारे पालक, चाळीस किलोमीटरवरील कार्यालयात निघालेला कर्मचारी आणि माल पोहोचवणारी गाडी हे सगळे एकाच खोडावर, आणि बहुधा एकाच वेळी, येऊन पोहोचतात.

हे खोड म्हणजे सहा-आठ मार्गिकांचा रुंद रस्ता असतो आणि तो पाहून कोणालाही वाटेल की यावर कोंडी होण्याचे कारणच नाही. येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. अडथळा नसलेल्या द्रुतगती महामार्गाच्या एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० किंवा त्याहून थोड्या अधिक गाड्या जाऊ शकतात. चौकातील मार्गिकेत हिरवा दिवा सलग तासभर राहिला, तर साधारण १,८०० ते १,९०० गाड्या चौक ओलांडतील. पण हिरवा दिवा सगळ्या दिशांना वाटून द्यावा लागतो. सरळ जाणाऱ्यांना वेळ हवा, आडव्या रस्त्याला वेळ हवा, समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळणाऱ्यांना स्वतंत्र वेळ हवा, आणि रस्ता जितका रुंद तितका चालणाऱ्याला तो ओलांडायला अधिक वेळ हवा. प्रत्येक बदलाच्या वेळी काही सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. अशा वाटपानंतर सरळ जाणाऱ्या मार्गिकेच्या वाट्याला एक तृतीयांश वेळ आला, तर तिची क्षमता तासाला ६०० गाड्यांच्या आसपास उतरते. म्हणजे दोन चौकांमधील रस्ता कितीही रुंद असला, तरी त्या रस्त्याची खरी क्षमता चौकच ठरवतो. उपनगरात हे चौक संख्येने कमी आणि आकाराने प्रचंड असतात, कारण छोट्या रस्त्यांनी एकमेकांना मिळायचेच नाही असे आधी ठरलेले असते आणि त्यामुळे सगळी वळणे त्या मोजक्या चौकांतच घ्यावी लागतात. माझ्या मते उपनगरी कोंडीविषयीची ही सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे.

दुसरा हिशेब रांगेचा आहे. समजा, एका अरुंद जागेतून तासाला २,००० गाड्या जाऊ शकतात. सकाळी सात ते आठ या तासात तेथे २,२०० गाड्या आल्या, म्हणजे क्षमतेपेक्षा फक्त दहा टक्के जास्त. आठ वाजता तेथे २०० गाड्यांची रांग असेल आणि शेवटच्या गाडीला सहा मिनिटे थांबावे लागेल. आठनंतर गर्दी थोडी ओसरून तासाला १,९०० गाड्या येऊ लागल्या, तरी रांग तासाला फक्त शंभर गाड्यांनी घटेल आणि ती संपायला दहा वाजतील. एका तासाच्या दहा टक्के जादा वाहतुकीने तीन तासांचा खोळंबा झाला. आता याच उदाहरणात पहिल्या तासात २,२०० ऐवजी २,१०० गाड्या आल्या असत्या, तर रांग निम्मी राहिली असती आणि नऊ वाजताच संपली असती. पाच टक्क्यांहूनही कमी गाड्या घटल्या आणि कोंडी तासभर आधी सुटली. शाळांच्या सुट्ट्या सुरू झाल्या की रस्ते अचानक मोकळे का वाटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. सगळ्यांनी मोटार सोडायची गरज नसते; गर्दीच्या कड्यावर असलेले थोडेसे प्रवास कमी झाले किंवा वेळेत पुढे-मागे सरकले तरी पुष्कळ फरक पडतो.

अरुंद जागा, अपघात, चौक असे कोणतेही दिसणारे कारण नसतानाही गाड्या थांबतात, हा अनेकांचा अनुभव खरा आहे. जपानमधील नागोया विद्यापीठातील युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी सुमारे ३० किलोमीटरचा वेग राखायला सांगितले. थोड्याच वेळात कोणीतरी किंचित वेग कमी केला, मागच्याने थोडा अधिक कमी केला, आणि काही गाड्या पूर्ण थांबल्या. थांबण्याची ही लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत राहिली. गाड्यांमधील अंतर एका मर्यादेखाली गेले की माणसाच्या प्रतिक्रियेला लागणारा क्षणभराचा उशीरच कोंडी निर्माण करायला पुरतो.

यात अपघात आणि बंद पडलेल्या गाड्यांची भर पडते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या अंदाजानुसार तेथील एकूण कोंडीपैकी सुमारे ४० टक्के कोंडी अपुऱ्या क्षमतेच्या जागांमुळे, २५ टक्के अपघात व बिघाडांमुळे आणि १५ टक्के खराब हवामानामुळे होते. उरलेली रस्त्यांची कामे, सिग्नलच्या वेळा आणि विशेष कार्यक्रमांमुळे. ज्या शहरात पर्यायी वाट असते, तेथे एका अपघाताचा त्रास काही चौकांपुरता राहतो. जेथे खोड एकच आहे, तेथे एका बंद गाडीमुळे अर्धे शहर थांबते.

कोण, कोठे आणि केव्हा जातो

उपनगर म्हणजे झोपायची जागा आणि नोकरी मात्र मध्यवर्ती शहरात, हे चित्र कधीकाळी खरे होते. कार्यालये, गोदामे, रुग्णालये आणि दुकाने लोकांच्या मागोमाग उपनगरांत गेल्यानंतर ते बदलले. अमेरिकी महानगरांत आज एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाणारे लोक मध्यवर्ती शहराकडे जाणाऱ्यांहून अधिक आहेत. वॉशिंग्टनजवळील टायसन्स हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. महामार्ग एकत्र येतात तेथे उभ्या राहिलेल्या या भागात सुमारे एक लाख नोकऱ्या होत्या आणि राहणारे लोक त्यांच्या पाचव्या हिश्श्याइतकेच. साहजिकच तेथे रोज सकाळी सगळ्या दिशांनी मोटारी येत आणि संध्याकाळी सगळ्या दिशांना जात. एका शहराच्या आत पाहिले तरी असेच आढळते. तेथे राहणारे बहुतेक लोक कामासाठी बाहेर जातात आणि तेथील नोकऱ्यांसाठी बहुतेक लोक बाहेरून येतात. नोकऱ्यांची संख्या आणि घरांची संख्या कागदावर जुळली म्हणून प्रवास कमी होत नाही. नोकरीच्या पगारात जवळचे घर परवडले पाहिजे, आणि एका घरात दोन कमावते असतील तर दोघांच्या नोकऱ्या एकाच दिशेला असण्याची शक्यता कमीच असते.

असे विखुरलेले प्रवास सार्वजनिक वाहतुकीला पेलत नाहीत, आणि याचे प्रतिबिंब आकड्यांत दिसते. जनगणना विभागाच्या २०१९ च्या पाहणीत अमेरिकेतील सुमारे ७६ टक्के नोकरदार मोटारीत एकटेच बसून कामावर जात होते, आणि एका बाजूच्या प्रवासाला सरासरी २७.६ मिनिटे लागत होती. घरून काम करणाऱ्यांचे प्रमाण त्या वर्षी ५.७ टक्के होते. कोविड महामारीच्या काळात, २०२१ मध्ये, ते १७.९ टक्क्यांवर गेले. त्यामुळे गर्दी नाहीशी झाली नाही, तिचा आकार बदलला. कार्यालयात काही दिवसच जाणारे लोक बहुधा आठवड्याच्या मधले दिवस निवडतात, आणि घरी थांबलेला माणूस दुपारी छोट्या कामांसाठी मोटार बाहेर काढतो.

कोंडीची चर्चा बहुतेक वेळा नोकरीच्या प्रवासापुरतीच होते, ही माझ्या दृष्टीने मोठी उणीव आहे. लोकांच्या एकूण प्रवासांत कामावर जाण्यायेण्याचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. उरलेले प्रवास खरेदी, शाळा, दवाखाना, खेळाचा वर्ग, आजारी नातेवाइकाची विचारपूस यांसाठी असतात. ते लांबीने लहान असतात, पण एका फेरीत अनेक थांबे गुंफलेले असतात आणि कुटुंबाची देखभाल ज्यांच्यावर असते त्यांच्या, म्हणजे बहुतेक ठिकाणी स्त्रियांच्या, वाट्याला ते अधिक येतात. शाळेचेच पाहा. १९६९ मध्ये अमेरिकेत आठवीपर्यंतच्या मुलांपैकी जवळपास निम्मी मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ पर्यंत हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. शाळा मोठ्या झाल्या, दूर गेल्या, रुंद रस्त्यांच्या कडेला बसल्या. मुलाला एकट्याने रस्ता ओलांडू द्यायला पालक घाबरतात म्हणून मोटारीने सोडतात, आणि त्या मोटारींमुळेच शाळेसमोरचा रस्ता आणखी धोक्याचा होतो. या पालकांना दोष देता येत नाही. त्यांच्यासमोर जो रस्ता आहे त्याला त्यांनी दिलेले ते उत्तर आहे.

रस्ता रुंद केल्यावर काय होते

कोंडी झाली की पहिली मागणी मार्गिका वाढवण्याची येते, आणि त्यात गैर काहीच वाटत नाही. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते की गर्दीच्या वेळचा महामार्ग रुंद केला तरी तो पुन्हा भरतो. त्यांनी सांगितलेली कारणे तीन दिशांनी येतात. रस्ता मोकळा झाला हे कळताच दुसऱ्या रस्त्यांवरचे चालक येथे वळतात. गर्दी टाळण्यासाठी लवकर किंवा उशिरा निघणारे लोक आपल्या सोयीच्या वेळेला परततात. आणि बस किंवा रेल्वेने जाणारे काही जण मोटार काढतात. चौथे कारण सावकाश उमटते आणि तेच सर्वांत जड असते. प्रवासाला लागणारा वेळ घटला की आणखी दूरची जमीन राहण्याजोगी वाटू लागते, तेथे नव्या वसाहती होतात आणि त्यांचे रहिवासी त्याच रस्त्यावर येतात. माणसे रोजच्या प्रवासाला सरासरी साधारण तासभर देतात, असे याकोव्ह झहावी आणि पुढे चेझारे मार्केत्ती या अभ्यासकांचे निरीक्षण होते. वेग वाढला तर वाचलेला वेळ हाती न राहता अंतरात खर्च होतो.

जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी महानगरांच्या आकडेवारीवरून असे दाखवले की महामार्गांच्या मार्गिकांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्या शहरात मोटारींनी कापलेले एकूण अंतर वाढते. ह्यूस्टन शहरातील केटी महामार्ग २००८ पर्यंत सुमारे २८० कोटी डॉलर खर्चून रुंद करण्यात आला आणि बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी तो २६ मार्गिकांचा झाला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळेतील प्रवासाचा कालावधी पुन्हा वाढू लागला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रुंद रस्त्यावरून पूर्वीपेक्षा अधिक माणसे जातात आणि अधिक लोकांना दूरच्या नोकऱ्या किंवा स्वस्त घरे मिळतात, हा लाभ खरा आहे. कोंडी कमी होईल हे आश्वासन तेवढे टिकत नाही, आणि रुंदीकरण विकले जाते ते नेमके याच आश्वासनावर.

मोजण्याच्या पद्धतीनेही या विचाराला बळ दिले. १९६५ पासून अमेरिकी अभियंते रस्त्याच्या सेवेला ए ते एफ अशी श्रेणी देत आले आहेत, आणि ती श्रेणी मुख्यतः मोटारींना किती खोळंबावे लागते यावर ठरते. जुन्या वस्तीत, स्थानकाजवळ नवीन घरे बांधली तर शेजारच्या चौकाची श्रेणी घसरते, म्हणून प्रकल्प अडतो. तीच घरे शहराबाहेर मोकळ्या रानात बांधली तर तेथील रिकाम्या रस्त्याची श्रेणी उत्तम राहते, म्हणून परवानगी सहज मिळते, आणि तेथील रहिवासी रोज कितीतरी अधिक अंतर मोटारीने कापतात. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून पर्यावरणीय तपासणीसाठी हा निकष बाजूला सारण्याचे ठरवले. त्याची अंमलबजावणी २०२० पासून पूर्णपणे सुरू झाली. आता तेथे एखाद्या प्रकल्पामुळे मोटारींचा एकूण प्रवास किती वाढेल हे पाहिले जाते.

बस का चालत नाही

उपनगरात बस रिकामी धावते, म्हणजे लोकांना बस नकोच आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. बसचा प्रवासी आधी पायी चालणारा असतो. साधारण ४०० मीटर चालायला बहुतेक लोक तयार असतात, पण वळणावळणाच्या गल्ल्यांतून सरळ रेषेतले २०० मीटरसुद्धा प्रत्यक्षात किलोमीटरभर होतात, आणि थांबा असतो तो पदपथ नसलेल्या आठ मार्गिकांच्या रस्त्याच्या पलीकडे. बस वसाहतींच्या आत शिरली तर तिचा मार्ग इतका नागमोडी होतो की आत बसलेल्यांचा वेळ वाया जातो. बोरिस पुश्करेव आणि जेफ्री झुपान यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अर्ध्या तासाला एक बस चालवण्यासाठीही एकरी सुमारे सात घरे असावी लागतात. स्वतंत्र बंगल्यांची अनेक उपनगरे याच्या खूप खाली आहेत. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी केल्या जातात, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी घटतात. तासाला एक बस असेल आणि ती चुकली, तर माणसाची नोकरी जाऊ शकते. असा धोका एकदा पत्करलेला माणूस कर्ज काढून का होईना, मोटार घेतो.

वाहनतळांचा वाटा येथे मोठा आहे. प्रत्येक इमारतीने ठरावीक संख्येने गाड्या उभ्या करण्याची जागा दिलीच पाहिजे, असे नियम अमेरिकेतील बहुतेक शहरांनी केले. एका गाडीला तिच्या ये-जा करण्याच्या जागेसह सुमारे ३० चौरस मीटर लागतात. कार्यालयात एका कर्मचाऱ्याला बसायला बहुधा याहून कमी जागा मिळते. हा खर्च भाड्यात आणि वस्तूंच्या किमतीत मिसळून जातो आणि जो मोटार चालवत नाही तोही तो भरतो, हे डोनाल्ड शूप यांनी दीर्घ काळ अभ्यासून मांडले. त्याशिवाय इमारती एकमेकींपासून इतक्या दूर जातात की एका दुकानातून समोरच्या दुकानात जायलाही मोटारच काढावी लागते. बफेलो शहराने २०१७ मध्ये आणि मिनियापोलिसने २०२१ मध्ये हे किमान बंधन काढून टाकले.

काय करता येते

अशा शहरात मोटार नाहीशी होणार नाही, आणि तसे उद्दिष्ट ठेवण्याची गरजही नाही. गर्दीच्या तासातील थोडे प्रवास कमी करणे आणि मोटार नसलेल्या माणसाला घराबाहेर पडता येईल असे करणे, या दोन्ही गोष्टी साध्य होण्याजोग्या आहेत.

चौकांपासून सुरुवात करता येते. इंडियाना राज्यातील कार्मेल हे मोटारीवरच अवलंबून असलेले उपनगरी शहर आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे सिग्नलच्या जागी वर्तुळाकार चौक बांधले गेले आणि आज त्यांची संख्या दीडशेहून अधिक आहे. अशा चौकात सगळ्यांना वेग कमी करावा लागतो, पण रिकाम्या रस्त्याकडे पाहत थांबून राहावे लागत नाही. अमेरिकेत सिग्नल किंवा थांबा-फलकाच्या जागी वर्तुळाकार चौक केल्यावर इजा होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचे २००० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात आढळले. कोंडी थोडी कमी झाली नसती तरी केवळ या एका आकड्यासाठी मी हा उपाय स्वीकारला असता.

गर्दीच्या वेळेला किंमत लावणे हा सर्वांत परिणामकारक आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत कठीण उपाय आहे. सिंगापूरने तो १९७५ मध्ये सुरू केला. स्टॉकहोममध्ये २००६ साली सहा-सात महिन्यांसाठी शुल्क लावून पाहिले, तेव्हा शहराच्या सीमेवरून ये-जा करणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली; जनमत घेतल्यानंतर २००७ मध्ये ते कायम झाले. केंद्र नसलेल्या उपनगरात अशी सीमा आखणे अवघड असते, पण महामार्गावरच्या काही मार्गिकांना वेळेनुसार बदलणारे शुल्क लावता येते, जसे कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात १९९५ पासून चालू आहे. मात्र ज्याला कामाची वेळ स्वतः ठरवता येत नाही आणि ज्याच्या दारात बस येत नाही, त्याच्यावर हे शुल्क सर्वाधिक बोजा टाकते. म्हणून त्यातून येणारा पैसा बसच्या फेऱ्यांवर खर्च झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. बस नागमोडी न नेता मोठ्या रस्त्यावरून सरळ, दर पंधरा मिनिटांच्या आत, आणि शक्य तेथे स्वतंत्र मार्गिकेतून चालवली, तर थोडे अधिक चालावे लागले तरी लोक ती वापरतात.

टायसन्समध्ये २०१४ पासून मेट्रोची चार स्थानके सुरू झाली, आणि वाहनतळांच्या जागेवर घरे, दुकाने व नवे आडवे रस्ते आणण्याची योजना तेथे टप्प्याटप्प्याने राबवली जात आहे. अशा कामाला दशके लागतात. इमारत पन्नास वर्षांत बदलते, पण एकदा आखलेला रस्ता शतकानुशतके तसाच राहतो, कारण त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन असंख्य मालकांमध्ये विभागली गेलेली असते. इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या १९६७ मध्ये घोषित झालेल्या नव्या नगरातून दोन्ही बाजू दिसतात. तेथे मोठे रस्ते सुमारे एकेक किलोमीटर अंतरावर चौकटीसारखे आखल्याने वाहतूक अनेक वाटांवर विभागली जाते आणि कोंडी तुलनेने सौम्य राहते. पण घरे त्या रस्त्यांकडे पाठ करून विरळ वसल्यामुळे बसला पुरेसे प्रवासी मिळत नाहीत आणि मोटारीवरचे अवलंबन कमी झालेले नाही.

म्हणूनच नवीन वसाहतीचा आराखडा मंजुरीला येतो तो क्षण सर्वांत मोलाचा असतो. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये असा नियम केला की शेजारच्या वसाहतींना पुरेशा ठिकाणी जोडलेले नसलेले नवे रस्ते देखभालीसाठी राज्य आपल्याकडे घेणार नाही. बांधकाम व्यावसायिकांचा विरोध झाला आणि काही वर्षांतच नियम सौम्य करण्यात आला. बांधून झालेल्या वसाहतींमध्ये मोटारींसाठी नवा रस्ता काढणे जवळपास अशक्य असते, कारण बंद गल्लीतील शांतता रहिवाशांना प्रिय असते आणि ते समजण्यासारखे आहे. दोन बंद गल्ल्यांच्या टोकांमधील कुंपणातून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी दोन-तीन मीटर रुंदीची वाट काढायला मात्र फारशी जमीन लागत नाही आणि तिच्यावरून मोटारी येण्याची भीतीही नसते. शाळेभोवतीच्या वसाहतींत अशा वाटा कोठे निघू शकतील हे नकाशावर शोधणे हे नगरपालिकेच्या अभियंत्याला थोड्या दिवसांत जमेल असे काम आहे, आणि मोटारीने दोन किलोमीटर दूर असलेली शाळा त्यामुळे मुलांना चारशे मीटरवर सापडू शकते.